पहिला कोण?

"आजी, मेजर लीग बेसबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण?" अमेरिकेतल्या नातवाने फोनवर विचारलं. "जॅकी रॉबिन्सन, १९४७," मी ठसक्यात सांगितलं. "चूक!" तो म्हणाला. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला ही चपराकच. मग शोधून वाचलं, आणि दोन दिवस तो माणूस मनातून जाईना.

मोझेस फ्लीटवूड वॉकर. जन्म १८५६, ओहायो राज्यात. ओबरलिन कॉलेजात आणि पुढे मिशिगन विद्यापीठात शिकलेला. १८८४ साली टोलेडो संघाकडून तो मेजर लीगमध्ये ४२ सामने खेळला. काम कॅचरचं, म्हणजे साधारण आपल्या विकेटकीपरसारखं, आणि आजच्यासारखे जाड हातमोजे तेव्हा नव्हते. त्याच्याच संघातल्या टोनी मुलेनने पुढे स्वतः कबूल केलं की वॉकर उत्तम कॅचर होता, पण कृष्णवर्णीयाच्या खुणा मानायच्या नाहीत म्हणून आपण मनाला येईल तसा चेंडू टाकायचो. चेंडू कसा येणार ते ठाऊक नाही, तरी अडवायचा! कल्पना करून बघा.

१८८३ मध्येच शिकागोचा कप्तान कॅप ॲन्सन अडून बसला होता: वॉकर असेल तर आम्ही खेळणार नाही. तिकिटांचे पैसे बुडतील म्हटल्यावर कुरकुरत खेळला. पण जुलै १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. १८८९ नंतर वॉकरही त्या लीगमध्ये उरला नाही. १९०८ साली त्याने पुस्तक लिहून मांडलं की कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावं. शिकल्यासवरल्या माणसाचा आपल्याच देशावरचा विश्वास असा उडावा, याचं मला फार वाईट वाटलं. १९२४ मध्ये तो गेला.

रॉबिन्सनचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण नुसतं 'पहिला' म्हटलं की वाटतं, तोवर कुणी लायक नव्हतं, किंवा काळ आला नव्हता. लायक माणूस होता, दारही किलकिलं झालं होतं. ते माणसांनी बंद केलं, आणि पुन्हा उघडायला ६३ वर्षं लागली.

"समाज हळूहळू सुधारत गेला" हे वाक्य मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल! आज ते पुसावंसं वाटतं. समाज मागेही जातो, कुणीतरी त्याला नेतं म्हणून.

दरवर्षी १५ एप्रिलला तिथले सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ क्रमांक घालून खेळतात. नातवाला म्हटलं, बाळा, त्या दिवशी वॉकरचे ४२ सामनेही आठव.

असो. तुम्हाला काय वाटतं?