ध्रुवीय प्रकाशाचा लातुरी गजर

लातूरच्या एका शाळेत या आठवड्यात दोन दोऱ्यांवर आडवं टांगलेलं चुंबक पाहिलं आणि हरखून गेलो. चुंबकाला आरसा चिकटवलेला, आरशावर लेसर, भिंतीवर लाल ठिपका. ठिपका सेन्सरवरून घसरला की बझर कोकलतो. हा म्हणे ध्रुवीय प्रकाशाचा गजर! तो प्रकाश लातुरातून दिसणार नाही, हे पोरांनाही ठाऊक आहे. पण त्याला जन्म देणारं सौर वादळ इथलं चुंबकीय क्षेत्रही हलवतंच. आपल्याकडे त्याने उत्तर दिशा फारशी ढळत नाही, क्षेत्राचा आडवा जोर घटतो. म्हणून दोऱ्यांना पीळ देऊन चुंबक पूर्व-पश्चिम धरायचं. युक्ती जुनी, आणि मुंबईत गाजलेली. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात कुलाबा वेधशाळेत हा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद झाली. पुढे विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी नोंदी बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय नोंदींसाठी १९०४ मध्ये अलिबाग गाठलं. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत आकाश लाल झालं, त्या रात्री हा ठिपकाही नक्की सरकला असता. माझं मत ठाम आहे: लातूर-नांदेडच्या प्रत्येक शाळेत, महागड्या तयार किटच्या आधी, हे चुंबक टांगलं गेलं पाहिजे. फक्त गाड्यांच्या स्टँडपासून लांब टांगा, नाहीतर सूर्याआधी सरांच्या बुलेटचीच वर्दी मिळेल.