चष्म्यात कॅमेरा आला, आता विचारायचं कसं?

परवा घरच्या हळदीला माझा मावसभाऊ नवा चष्मा घालून आला. जेवणं झाल्यावर मामा त्याच्याशी घराच्या कर्जाबद्दल बोलत बसले. चष्म्याच्या कोपऱ्यात बारीक पांढरा दिवा लागलेला मला दिसला. मामांनाही दिसत असणार, पण त्यांना ते डिझाइन वाटलं. मी गप्प! भर पाहुण्यांत 'शूट करतोयस का?' असं कसं विचारणार?

कॅमेऱ्याचे चष्मे आता आपल्याकडेही सहज मिळतात. त्यातला सगळ्यात गाजलेला 'रे-बॅन मेटा' मे २०२५ मध्ये भारतात आला, २९,९०० रुपयांपासून. शूटिंग चालू असताना दिवा लागतो, तो झाकला तर चष्मा 'आधी दिवा मोकळा करा' म्हणतो. सोय चांगली आहे. पण दिव्याचा अर्थ समोरच्याला माहीत असेल तरच ना! फोनचं बरं असतं. हात वर गेला की आजीलासुद्धा कळतं, ती पदर सावरते किंवा 'नको रे' म्हणते. चष्म्यात तो वर जाणारा हातच गायब झालाय, आणि त्याबरोबर 'नको' म्हणायची संधीही.

हे नवीन नाही. २०१३ च्या सुमारास गुगल ग्लास वापरणाऱ्यांना लोक 'ग्लासहोल' म्हणू लागले. शेवटी २०१४ मध्ये गुगललाच सांगावं लागलं, की कोपऱ्यात उभं राहून लोकांचं शूटिंग करू नका, आधी विचारा. २०२४ मध्ये तर हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्याला चेहरा ओळखणारं सर्च जोडून अनोळखी माणसांची नावं-पत्ते काढून दाखवले.

कायद्याचं म्हणाल, तर आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी, घरगुती वापराला लागूच होत नाही. म्हणजे हळदीच्या मांडवात उरतं फक्त तोंडाने विचारणं. माझ्या मते पहिली जबाबदारी घालणाऱ्याची. बसतानाच 'यात कॅमेरा आहे, बंद आहे' म्हणावं, किंवा सरळ काढून खिशात ठेवावा. समोरच्याने विचारलं तर तो आरोप समजू नये.

मी शेवटी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, दिवा लागलाय बघ. मामा पैशांचं बोलतायत." तो दचकला. मांडवाचं शूटिंग घेताना बंद करायचंच विसरला होता. मामांनी क्लिप त्यांच्यासमोर डिलीट करायला लावली. मग विचारलं, "आणि फोनमधली?"