लघवीच्या जागेची दुखापत : लाज मागे, दवाखाना आधी



गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी ग्रंथवाचन आटोपून आम्ही विहारातून निघत होतो. एक भगिनी चपला शोधायच्या निमित्ताने मागे रेंगाळली. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाली, "दादा, यांना बरं नाही. तीन दिवस झाले. पण सांगायचं कुणाला?" पदर तोंडावरून हटेना. बऱ्याच वेळाने कळले ते असे. पती-पत्नीच्या संबंधाच्या वेळी नवऱ्याचे शिश्न अचानक दुमडले. कट् असा आवाज झाला, जीवघेणी कळ आली, ताठपणा एकदम गेला आणि तासाभरात जागा वांग्यासारखी सुजून जांभळी पडली. नवरा हमालीचे काम करणारा, धडधाकट माणूस. त्याने हळद-तेल लावले, घरात "पोटात दुखतंय" म्हणून सांगितले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याच रात्री आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. शस्त्रक्रिया झाली, माणूस कामालाही लागला. पण शिश्नात थोडा बाक राहिला तो राहिलाच. पहिल्या दिवशी आणला असता तर एवढे झाले नसते, असे सर्जन म्हणाले. म्हणून आज या पानावर हा विषय घेतला आहे. घरातल्या बायामाणसांनीही वाचावा, कारण दवाखान्यात न्यायला शेवटी त्याच पुढे होतात.

शिश्नात हाड नसते, तरी डॉक्टर या दुखापतीला फ्रॅक्चरच म्हणतात. आत दोन नळ्यांसारखे भाग असतात, त्यांत रक्त भरले की ताठपणा येतो. त्यांच्यावर एक चिवट वेष्टण असते. ताठ असताना जोरात दुमडले की हवा भरलेल्या ट्यूबला चीर पडावी तसे ते फाटते आणि रक्त बाहेर साचते. आवाज, कळ, ताठपणा जाणे, सूज आणि काळेनिळेपण, ही त्याची खूण. शेक, मालीश, लेप यांनी चीर सांधत नाही, टाकेच घालावे लागतात. ते साधारण पहिल्या २४ तासांत पडले तर उत्तम. निघताना काही खाऊ-पिऊ नये, कारण भूल द्यावी लागते. उशीर झाला असेल तरी जावेच. तीन दिवस गेले, आता काय उपयोग, असे म्हणू नये.

दुसरी दुखापत आपल्या कष्टकरी माणसांची. परांचीवरून पाय सटकतो आणि बांबू नेमका दोन मांड्यांच्या मध्ये बसतो. सायकलच्या दांडीवर आपटतो. पावसात पाणी तुंबले की उघड्या गटारात एक पाय जातो आणि माणूस काठावर फरफटत बसतो. वरून कातडी शाबूत दिसते, पण आतली लघवीची नळी चिरडलेली असू शकते. लघवीच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब जरी दिसला, लघवी लागते पण होत नाही असे झाले, किंवा अंडकोषामागे काळे पडले, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. लघवी व्हावी म्हणून जोर करू नये, आणि गल्लीतल्या कंपाउंडरला रबरी नळी तर मुळीच घालू देऊ नये. रुग्णालयात आधी औषध सोडून फोटो काढतात, नळी कुठे फाटली ते पाहतात, मग ठरवतात. अशा माराने पुढे महिन्या-वर्षांनी लघवीची धार बारीक होते. तेव्हा हा जुना मार डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

लहान मुलांची कातडी पँटच्या चेनमध्ये अडकते. आई घाबरून चेन ओढते आणि जखम वाढते. चेन वर-खाली ओढू नका. थोडे खोबरेल सोडा, सुटली तर ठीक. नाही तर भोवतीची पँट कापून मुलाला तसेच घेऊन जा. डॉक्टर चेनचा मधला दुवा पकडीने तोडतात, कातडी आपोआप मोकळी होते. पँट नवी होती म्हणून कुरकुरू नये!

शिश्नाची पुढची कातडी मागे गेली आणि परत येईना, पुढचा भाग सुजू लागला, तर तोही त्याच दिवशीचा मामला आहे. गळ्याला दोरी बसल्यासारखे रक्त अडते. म्हाताऱ्या माणसाला लघवीची नळी घातली असेल तर पुसून झाल्यावर कातडी पुन्हा पुढे आणावी, हे सेवा करणाऱ्या लेका-सुनेने ध्यानात ठेवावे.

किरकोळ खरचटले असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे, थंड फडके ठेवावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. चुना, तंबाखू, रॉकेल लावू नये. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही तर निघावे. मुलाच्या जागेवर जखम आहे आणि कशी झाली ते तो सांगत नाही, तर रागावू नका. डॉक्टरांना त्याच्याशी शांतपणे बोलू द्या.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जादा गोष्ट. आपल्या समाजात तिकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या मुलाचे किंवा पुरुषाचे शिश्न इच्छा नसताना ताठ होऊन दुखू लागले आणि चार तासांत उतरले नाही, तर तो मार नसला तरी तातडीचा आजार आहे. आतले रक्त गोठत जाते आणि पुढे कायमची हानी होते. सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.

आता खरी अडचण, केसपेपरच्या खिडकीची. मागे रांग उभी, पुढे बाई बसलेल्या, सांगायचे कसे? "लघवीच्या जागी मार लागलाय, सर्जनला दाखवायचंय", एवढेच म्हणा. बाकी आत, डॉक्टरांसमोर, पण तिथे खरे सांगा. संबंधाच्या वेळी झाले तर तसे सांगा, आवाज आला तर तेही सांगा. सर्जनने असली प्रकरणे पाहिलेली असतात, ते हसत नाहीत. पोलीस केसची भीती असेल तर हे ठाऊक असू द्या : १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जखमीला आधी उपचार, कागदपत्रे नंतर, मग डॉक्टर सरकारी असो की खासगी. आधार होता राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा, पैसे पडत नाहीत. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवून बसलेल्या तंबूतल्या वैद्याकडे मात्र जाऊ नये. त्याच्या चूर्णाने वेळ आणि पगार दोन्ही जातात.

हे छापावे का, असे आम्ही त्या भगिनीला विचारले होते. ती घरी विचारून आली. म्हणाली, "यांनी सांगितलंय, नाव नको, पण वांग्याचं तेवढं राहू द्या. सगळ्यांना कळतं."