‘कुंकू’ दाखवा, पण ‘पिंजरा’ही दाखवा

शिबिरात सिनेमा दाखवायचा ठरला की कुणीतरी हमखास ‘कुंकू’ सुचवते. मीही सुचवला आहे. पण ‘कुंकू’वर थांबून व्ही. शांताराम यांना स्त्रीमुक्तीचे प्रमाणपत्र देणे आता पुरे झाले. मैत्रिणींनो, बाकीचे सिनेमेही त्यांचेच आहेत.

सुरुवात दमदार होती, हे मान्य. ‘अमरज्योती’त (१९३६) दुर्गा खोटेंची सौदामिनी मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्री लुटारूंची सरदार होते. ‘कुंकू’तली (१९३७) नीरा म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला साफ नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. शांता आपटेंची ती धग आजही बायकांना सरसावून बसायला लावते.

तरी शेवट आठवा. नीराची सुटका नीराच्या हातून होत नाही, पश्चात्ताप झालेल्या काकासाहेबांच्या आत्महत्येने होते. हिंदू बाईला तेव्हा घटस्फोटाचा हक्क नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. कायद्याने सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, हा खरा गुन्हा. सिनेमा मात्र म्हाताऱ्याला मोठा करतो आणि आपण त्याच्यासाठी डोळे पुसत उठतो.

‘माणूस’मध्ये (१९३९) पोलीस शिपाई गणपत वेश्या असलेल्या मैनेला घरी आईपुढे नेतो, पण मैना स्वतःलाच अपात्र ठरवून मागे फिरते. ‘दहेज’ (१९५०) हुंड्याविरुद्ध बोलतो, पण मुलीचा जीव गेल्यावरच तिचे म्हणणे सगळ्यांना पटते.

पुढे तर बाईचा नकारच संपला. ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) नायिका स्वतः नर्तकी, तरी नायकाच्या साधनेत विघ्न नको म्हणून दूर व्हायचे तिनेच. ‘नवरंग’मधला (१९५९) कवी बायकोचा चेहरा घेऊन कल्पनेत मोहिनी नाचवतो. घरातल्या जमुनेच्या वाट्याला संसाराची ओढाताण.

आणि मग ‘पिंजरा’ (१९७२). गाव गुरुजींना देव मानते. गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर काढतात, चंद्रकला सूड म्हणून त्यांना मोहात पाडते, गुरुजी घसरतात. घसरले ते प्रौढ, शिकलेले पुरुष. दोष मात्र बाईच्या चाळांचा. शेवटी गावाचा आदर्श टिकावा म्हणून गुरुजी मुकाट फाशी पत्करतात आणि खरे काय ते ठाऊक असलेल्या चंद्रकलेची वाचाच जाते. गावाचा पुतळा उभा राहावा म्हणून बाईने मुके व्हायचे! ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) याच दिग्दर्शकाने सहा खुन्यांवर विश्वास टाकून त्यांना उघड्या माळावर माणूस व्हायची संधी दिली. फडावर नाचून पोट भरणाऱ्या बाईला, ती बदलली तरी, मरणच.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला चालत नाही. नीरा ‘पिंजरा’च्या पस्तीस वर्षे आधीची आहे. आणि ती गोष्ट पडद्यावर राहिली असती तर एवढे लिहिलेही नसते. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा युक्तिवाद गुरुजींच्या गावाचाच होता: या बायका तरुण पोरे बिघडवतात, संसार मोडतात. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांतला नाच मात्र चालणार होता! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. मधल्या आठ वर्षांत त्या बायकांच्या चुली कशा पेटल्या, हे कुणी विचारले? आपल्यातल्याही काहीजणी तेव्हा बंदीच्या बाजूने होत्या, हे विसरू नये.

म्हणून पुढच्या शिबिरात दोन्ही सिनेमे दाखवा, आणि नंतरच्या चर्चेत पहिल्यांदा बोलायला फडावरच्या बाईला बोलवा. चंद्रकलेची गेलेली वाचा तिथे तरी परत येऊ दे.