उपग्रहाची पैसेवारी

दुष्काळ पडला की नाही, हे ठरविण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत पैसेवारीची. गावातील निवडक शेतांत पीककापणीचे प्रयोग होत, हाती आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहिले जाई आणि पैसेवारी ५० पैशांच्या खाली उतरली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होई. ही पद्धत निर्दोष होती असे कोणीच म्हणणार नाही. आकडे सोयीप्रमाणे फिरविले जातात, ही तक्रार तिच्याइतकीच जुनी आहे. तरीही तिच्या अंगी एक मोठा गुण होता. शेत गावातले होते, हिशेब त्रैराशिकाचा होता आणि तो न पटल्यास हरकत घेता येत होती.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने हे चित्र पालटले. पाऊस, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांच्या जोडीला उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती हाही एक निकष झाला. या संहितेच्या आधारे राज्यात २०१८ साली १५१ आणि २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. प्रत्यक्ष शेतावर जाऊन खातरजमा करण्याची तरतूद संहितेत आहे, हे खरे. परंतु कोणत्या तालुक्यापर्यंत ही खातरजमा पोहोचावी, हे आधी आकडे ठरवितात. म्हणूनच हे आकडे कसे सिद्ध होतात, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहत नाही.

उपग्रह जे धाडतो ते वस्तुतः छायाचित्र नसून आकड्यांचा तक्ता असतो. आलेखाचा कागद भूमीवर पसरावा आणि त्याच्या प्रत्येक चौकटीत एकेक आकडा लिहावा, तसा हा प्रकार आहे. या विद्येत त्याला रास्टर म्हणतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवून लावते. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. एखाद्या चौकटीतून अवरक्त प्रकाश ५० टक्के आणि तांबडा ८ टक्के परतत असेल, तर ४२ भागिले ५८, म्हणजे सुमारे ०.७२ : पीक तजेलदार आहे. तेच प्रमाण ३० आणि २२ असेल, तर निर्देशांक ०.१५ वर येतो : रान वाळले आहे. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल.

अडचण हिशेबात नाही, चौकटीत आहे. अमेरिकेच्या मोडिस या उपकरणाची सर्वांत बारीक चौकट २५० मीटरची, म्हणजे सव्वासहा हेक्टर अथवा सुमारे साडेपंधरा एकरांची असते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन दीड हेक्टरहूनही कमी आहे. म्हणजे एका चौकटीत चार-पाच खातेदारांचे नशीब एकत्र कोंबले जाते. विहिरीवरच्या उसाचा एक पट्टा शेजारच्या करपलेल्या ज्वारीला कागदावर हिरवी करून सोडतो. बांधावरची बाभूळ आणि पडीक रानातले गाजरगवतही उपग्रहाला हिरवेच दिसते. त्यात पावसाळ्याचे ढग. ढगाळलेल्या चौकटी वगळल्या की नाही, शेतीच्या म्हणून कोणत्या चौकटी मोजल्या, ‘माहिती उपलब्ध नाही’ या अर्थाने भरलेला उणे ९९९ सारखा आकडा चुकून सरासरीत शिरला काय, या बारीकसारीक निर्णयांनी तालुक्याचा आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो.

असले हिशेब पडताळण्याची साधने एकेकाळी मोठ्या संस्थांच्याच आवाक्यातील होती. आज तशी स्थिती नाही. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत १९८२ पासून घडत गेलेली ‘ग्रास’ ही प्रणाली पुढे विद्यापीठांतील अभ्यासकांनी सांभाळली व वाढविली. १९९८ मध्ये आरंभलेले ‘जीडाल’ आणि २००२ मध्ये आरंभलेले ‘क्यूजीआयएस’ यांची तिला जोड मिळाली. ही सारी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. लँडसॅटचा संग्रह २००८ पासून विनामूल्य आहे आणि युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चौकट तर जवळजवळ एका गुंठ्याएवढी भरते. तालुक्याच्या सीमेनुसार तक्ता कापणे, ढगाळ चौकटी वगळणे, निर्देशांक काढणे आणि गावनिहाय सरासरी घेणे, हे सारे साधारण संगणकावर होऊ शकते.

तथापि, ही साधने फुकट आहेत हे त्यांचे खरे मोल नव्हे. त्यांचा मूळ कार्यक्रम कोणालाही वाचता येतो आणि केलेल्या कृतींची क्रमवार यादी दुसऱ्याच्या हाती देता येते. ती यादी आणि तोच तक्ता घेऊन दुसऱ्याने हिशेब केला, तर उत्तर तेच आले पाहिजे. न आल्यास चूक कोठे आहे, हे बोट ठेवून दाखविता येते. बंद पेटीतून निघालेल्या आकड्याबाबत अशी सोय नसते. मुक्त साधन वापरल्याने चूक टळते असे नव्हे. ती लपत नाही, एवढेच.

तेव्हा शासनाने दुष्काळाच्या घोषणेबरोबर केवळ तालुक्यांची यादी प्रसिद्ध करून थांबू नये. कोणत्या दिवसांच्या प्रतिमा घेतल्या, शेतीचे क्षेत्र कोणते धरले आणि कोणत्या क्रमाने हिशेब केला, हेही जाहीर करावे. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी आपापल्या तालुक्याचा निर्देशांक दर हंगामात स्वतंत्रपणे काढावा आणि विद्यार्थ्यांनी तो शिवारात जाऊन ताडून पाहावा. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात क्यूजीआयएसचे पाठ उपलब्ध आहेत. साधने नाहीत, ही सबब आता पुढे करता येणार नाही.

उपग्रहाला गावातील वजनदार माणसांची भीड नसते, हा त्याचा फायदा निर्विवाद आहे. परंतु ज्याचे पीक गेले, त्याला आपल्याविषयीचा निर्णय कसा झाला हे विचारता आले पाहिजे. जुन्या पैसेवारीने दिलेला हरकतीचा हक्क नव्या पैसेवारीत हरवता कामा नये.