कॅन्सर नशिबाने होतो?

‘डॉक्टर, ज्याने आयुष्यात सुपारीचं खांडही खाल्लं नाही त्याला कॅन्सर होतो आणि आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते. मग सगळं नशीबच ना?’ बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न वारंवार येतो. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘दोनतृतीयांश कॅन्सर दुर्दैवाने’ अशा बातम्या जगभर झळकल्या. या समजाला जणू विज्ञानाचा शिक्काच मिळाला. प्रत्यक्षात अभ्यास वेगळे सांगत होता.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या सुमारे ६०० कोटी अक्षरांची नक्कल होते. हे काम करणारे विकर लाखभर अक्षरांमागे एखादी चूक करते, पण बहुतेक चुका लगेच खोडतेही. उरलेल्या चुका दुसरी यंत्रणा शोधून दुरुस्त करते. तिच्या संशोधनासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. शेवटी शंभर कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक राहते.

लहान आतड्यापेक्षा मोठ्या आतड्याचा कॅन्सर जास्त का आढळतो, याचे एक उत्तर इथे आहे. जिथे विभाजने जास्त, तिथे नकला जास्त आणि चुकाही जास्त. अभ्यासातले ‘दोनतृतीयांश’ हे अवयवा-अवयवांतील अशा फरकाबद्दल होते, दोनतृतीयांश रुग्णांबद्दल नव्हे.

शिवाय कॅन्सर सहसा एका चुकीने होत नाही, अनेक चुका साचाव्या लागतात. त्यातल्या काही आपोआप घडतात. तंबाखूतील रसायने मात्र डीएनएच्या अक्षरांना चिकटतात आणि नक्कल करताना ती अक्षरे चुकीची वाचली जातात. काही चुका नशिबाच्या असल्या, तरी उरलेल्या टाळल्या तर आजार टळू शकतो. आजोबा वाचले, म्हणून नातू वाचेलच असे नाही.

तंबाखूविना नुसती सुपारीही कॅन्सरकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. बंदी कागदावर राहते, त्याला ‘नशीब’ म्हणता येणार नाही.

व्यसन नसलेल्या रुग्णाला ‘तू काय केलंस?’ असे विचारू नये. आणि तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तोंड कमी उघडू लागले, तर नशिबाची वाट न पाहता तपासून घ्यावे.