धूतपाप

पनवेलीच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. पत्र घरगुती आहे व ते जसेच्या तसे छापणे उचित नाही. परंतु त्यांतील प्रश्न पुष्कळ घरांचा आहे, म्हणून त्यांच्या संमतीने तो येथे घेत आहो.

त्यांच्या धाकट्या दिरांनी चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाची खोटी सही करून पुतणीच्या शिक्षणासाठी राखलेली ठेव मोडली, ती शेअरबाजाराच्या सट्ट्यात घालविली आणि घर सोडले. दीड वर्षापूर्वी ते परत आले. आता नोकरी करितात, पगार आणून थोरल्या भावाच्या हाती देतात, पानात पडेल ते निमूटपणे जेवतात. सासूबाई म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले. बाईंचे यजमान म्हणतात, याच्यात तिळमात्र फरक दिसत नाही. पुतणी काका खोलीत आले की उठून जाते. आणि खुद्द बाई कपाटाची किल्ली अजून उशीखाली घेऊन निजतात व त्याची त्यांना लाजही वाटते. ‘पाप फिटले हे ओळखावे कशावरून?’ असा त्यांचा प्रश्न आहे. बाईंनी पुष्कळ वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आहे. ‘वेदान्त सांगू नये, तो मला येतो,’ अशी तळटीपही त्यांनी जोडली आहे! तेव्हा त्यांच्याच शास्त्राचा आश्रय करणे आम्हांस प्राप्त आहे.

पाप आणि कृपा यांना पदार्थविज्ञानातील उपमा देण्याची हौस नवी नाही. पाप म्हणजे गुरुत्वाकर्षण व कृपा म्हणजे त्याविरुद्ध वर उचलणारे बळ, ही त्यांतली सर्वपरिचित. सिमोन वेल या फ्रेंच विदुषीच्या टिपणांचा जो संग्रह तिच्या मरणानंतर, १९४७ साली, प्रसिद्ध झाला, त्याचे नावच ‘गुरुत्व आणि कृपा’ असे आहे. ही बाई गीता मुळातून वाचावी म्हणून संस्कृत शिकली होती. उपमा भव्य खरी. पण आमच्या वाचकभगिनीच्या स्वयंपाकघरात ती उपयोगी पडेल असे वाटत नाही. दगड खाली पडतो यात दगडाचा अपराध काय? आणि खोटी सही ही काही आपोआप घडत नाही.

त्यापेक्षा यजमानांचे वाक्य घेऊ. ‘फरक दिसत नाही.’ शून्य अंशावरील बर्फाचे भांडे चुलीवर ठेवावे व त्यात उष्णतामापक उभा करावा. खाली विस्तव धगधगत असतो, पण बर्फाचा अखेरचा खडा विरेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. एक ग्रॅम बर्फाचे तितक्याच थंड पाण्यात रूपांतर होण्यास ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. ही उष्णता जाते कोठे, याचा उलगडा अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने केला. ती वाया जात नाही. आतले बंध सोडविण्यात खर्ची पडते. तिला गुप्त उष्णता म्हणतात ते यथार्थ आहे. मापकाकडे पाहणाऱ्यास वाटते, सरपण फुकट चालले.

आमच्याकडे ही गोष्ट वाल्या कोळ्याच्या कथेत आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. पापाचा खडा रांजणात टाकावयाचा, रांजण भरत जावयाचे, हे मोजमाप लहान मुलालाही समजते. परंतु नारदाची गाठ पडल्यावर खडे एकेक करून बाहेर पडू लागले, असे कोणतीही आजी सांगत नाही. तो नुसता बसून राहतो. वर्षे जातात, अंगावर वारूळ चढते. वाटेने जाणाऱ्याला त्यात फरक कोणता दिसला असेल? काल येथे माती होती, आज थोडी अधिक माती आहे!

अर्थात मापक स्थिर आहे म्हणून आत काही वितळतेच आहे, असेही म्हणता येत नाही. विस्तव विझला असला तरी तो स्थिरच राहील. दीड वर्षात दिराचा पारा हलला नाही, एवढ्यावरून निकाल देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

आता सासूबाईंचे वाक्य. येथे आम्ही शास्त्राचा आधार घेतो, व तो वेदान्ताचा नाही, तेव्हा बाईंनी क्षमा करावी. याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, होऊन गेला. त्याने पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत. एक नरकास नेणारी, दुसरी माणसाचा इतरांशी व्यवहार तोडणारी. बुद्धिपुरस्सर केलेल्या पातकाला प्रायश्चित्त घेतले, तर पहिली शक्ती जात नाही. दुसरी मात्र जाते व माणूस ‘व्यवहार्य’ होतो. त्याच्याशी बोलावे, त्याच्या पंक्तीस बसावे. आतील हिशेबाचा निकाल भोवतालच्या माणसांनी लावण्याचे कारण उरत नाही. म्हणजे ‘पाप फिटले का’ हा प्रश्न शास्त्र घरच्यांना विचारीतच नाही. पण गंगेला मिळाले, असेही म्हणत नाही.

ज्या उपमेसाठी हा लेख लिहावयास घेतला ती पनवेलीतच सापडते. १८७२ साली या गावी पुराणिकांनी आयुर्वेदीय औषधांचा जो कारखाना काढला, त्याला नाव दिले ते धूतपापेश्वराचे. या देवाचे पुरातन स्थान राजापुराजवळ धोपेश्वर गावी आहे. पुष्कळांस वाटते, धूतपाप म्हणजे पाप धुतलेला. पण तो ‘धौत’. ‘धूत’ हा शब्द ‘धू’ म्हणजे हलविणे, झटकणे या धातूपासून आला आहे. मळ धुवावा लागतो, तर अंगावरची धूळ झटकावी लागते. आणि झटकलेली धूळ नाहीशी होत नाही, शेजारच्याच्या अंगावर बसते, हे ओसरीवर सतरंजी झटकणाऱ्यास सांगावयास नको.

औषधशाळेला हे नाव शोभते, कारण रसशास्त्राची सुरुवातच दोष काढण्यापासून होते. पाऱ्याला विष, वह्नि व मल हे नैसर्गिक दोष सांगितले आहेत, आणि नाग व वंग, म्हणजे शिसे व कथील, यांच्या संगतीने येणारे यौगिक दोष निराळे. संगतीचा दोष वेगळा मोजणाऱ्या त्या आचार्यांचे आम्हांस कौतुक वाटते. हिंगुळापासून शुद्ध पारा काढण्याची जी रीत आहे तिला ऊर्ध्वपातन म्हणतात. लिंबाच्या रसात खललेला हिंगूळ एका मडक्यात घालतात, त्यावर दुसरे मडके पालथे घालून सांधा कापडमातीने बंद करितात. याला डमरूयंत्र म्हणावयाचे. खालून अग्नी देतात. वरच्या मडक्यावर ओले फडके ठेवितात. पारा गंधकाची संगत सोडून वाफेच्या रूपाने वर जातो व वरच्या मडक्याच्या आतून थेंब थेंब जमतो. (ही वाफ भयंकर विषारी असते, कोणी घरी प्रयोग करू नये.)

खालचा अग्नी म्हणजे अनुताप. शब्दातच ताप आहे. वरचे गार फडके म्हणजे कृपा. अग्नी नसेल तर फडके कितीही ओले असून व्यर्थ, आणि फडके नसेल तर वर गेलेल्याला ठरावयास जागा नाही. येथवर उपमा कोणत्याही कीर्तनकारास सुचेल. परंतु बाई पदार्थविज्ञानाच्या आहेत, त्या पुढचे विचारतील: थेंब जमतो तेव्हा वाफेतली गुप्त उष्णता कोठे जाते? ती फडक्यात जाते. मोदकपात्राचे झाकण काढताना बसणारा वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट का, याचे उत्तर हेच आहे. हातावर पाणी होणारी प्रत्येक ग्रॅम वाफ ५४० कॅलरी हाताला देऊन जाते. म्हणून यंत्रावरचे फडके एकदा भिजवून भागत नाही; ते तापते, आणि कोणीतरी तेथे बसून पुन्हा पुन्हा भिजवावे लागते.

परत आलेल्या माणसाला घरात घेणे गार असते, असे आम्ही समजतो. वस्तुत: घेणाराच तापतो. वाल्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला, तो योग्यच होता. पण माणूस परत आला की त्याच्या तापाचा वाटा घरच्यांच्या पदरी पडतो. आमच्या बाईंच्या घरी हे फडके कोण झाले आहे? सासूबाई नव्हेत, त्यांचे काही गेले नाही. यजमानही नव्हेत. ज्या मुलीची ठेव गेली, तिनेच उठून न जाता काकांना हसून चहा द्यावा, अशी सर्वांची अपेक्षा आहे, व ती देत नाही म्हणून तिला हट्टी ठरविले आहे. फडके वाळून कोळ झाले आणि त्यालाच दोष!

उपमा येथे संपते, कारण पाऱ्याने फडक्याचे काही चोरलेले नसते.

बाईंना आमचे सांगणे इतकेच. दिरांनी पगारातील काही भाग दरमहा पुतणीच्या नावे भरावा, थोरल्या भावाच्या हातून नव्हे; रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडू नये. यजमानांनीही, ज्यांची सही घरात बसून शिकता आली, त्यांनी आपला वाटा घालावा. काकांना वाकून नमस्कार करण्यास या दिवाळीत मुलीला बोलावू नये. ती खोलीतून उठली तर उठू द्यावी, आणि नंतर आत जाऊन तिच्याजवळ बसावे. हे बसणे सासूबाईंनी करावे असे आम्हांस वाटते. किल्ली तूर्त उशीखालीच असू द्यावी. तिची लाज मात्र बाळगू नये.